पहाटेची जाग : प्रकाश, गोठा आणि देहातील घड्याळ
(नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

नांदेड आणि लातूर ही मराठवाड्यातील दोन शहरे आज शिक्षणाची मोठी केंद्रे म्हणून ओळखली जातात. 'लातूर पॅटर्न' या नावाने प्रसिद्ध झालेल्या अध्यापनपद्धतीमुळे आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांच्या शिकवणी वर्गांमुळे कंधार, मुखेड, लोहा, किनवट, अहमदपूर, देवणी, निलंगा अशा तालुक्यांतील खेड्यांतून दरवर्षी असंख्य मुले-मुली या शहरांत येतात आणि वसतिगृहात अथवा भाड्याच्या खोलीत राहून शिकतात. सकाळी सातच्या तासाला यांतील अनेकांचे बाक रिकामे असतात आणि जे येतात त्यांच्याही डोळ्यांवरची झोप उतरलेली नसते, हा प्राध्यापकांचा नेहमीचा अनुभव होय. 'मुले आळशी झाली' किंवा 'मोबाइलने वाटोळे केले' असे म्हणून हा विषय बहुधा तेथेच संपविला जातो. परंतु यांतील कितीतरी मुले वर्ष-दोन वर्षांपूर्वीपर्यंत गावी तांबडे फुटण्याच्या सुमारास उठत होती, गोठा झाडत होती, धार काढून झालेले दूध डेअरीवर पोचवत होती. वर्षभरात त्यांचा स्वभाव बदलला असे मानण्यापेक्षा त्यांच्याभोवतालचे काय बदलले हे तपासणे अधिक शास्त्रीय ठरेल.

प्रस्तुत लेखात या बदलातील दोन घटकांचा विचार केला आहे. पहिला घटक सकाळचा प्रकाश आणि दुसरा पाळलेल्या जनावराच्या देखभालीचा नित्यक्रम. हे दोन्ही घटक जाग येण्यास मदत करतात, मात्र त्यांचे कार्य वेगवेगळे आहे. प्रकाश उद्याची जाग घडवितो, तर जनावर आजची जाग घडविते. गावातील गोठ्यात या दोहोंची सांगड आपोआप पडलेली होती. शहरातील खोलीत ती तुटते. ती पुन्हा कशी घालता येईल, हे पाहणे हा या विवेचनाचा उद्देश आहे.

१. गोठ्याभोवतीची पहाट

नांदेड-लातूर परिसराला स्वतःच्या गोवंशाचा अभिमान आहे. कंधार तालुक्याच्या नावाने ओळखला जाणारा लाल कंधारी हा प्रामुख्याने ओढकामाचा वंश, तर लातूर जिल्ह्यातील देवणीच्या नावाचा वंश दूध आणि ओढकाम अशा दोन्ही कामांसाठी नावाजलेला आहे. देवणीतील वानेरा, बालंक्या आणि शेवरा हे प्रकार येथील पशुपालक दुरूनच ओळखतो. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दरवर्षी मार्गशीर्षात भरणारा जनावरांचा बाजार ही या जिव्हाळ्याचीच साक्ष होय.

अशा घरातील दिवस जनावरापासून सुरू होतो. शेण काढणे, गोठा झाडणे, कडबा टाकणे, आंबोण ठेवणे, वासरू सोडून गाय पान्हवणे आणि धार काढणे ही कामे एका ठरावीक क्रमाने व ठरावीक वेळी होतात. हा क्रम मोडल्यास त्याची शिक्षा तत्काळ मिळते. दोन धारांमधील अंतर वाढले की कास ताठते, गाय अस्वस्थ होते, हंबरू लागते. अनोळखी हात लागला किंवा दांडगाई झाली तर ती पान्हा चोरते. शरीरशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर दूध उतरण्यासाठी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवावे लागते आणि भीतीच्या अवस्थेत त्याच्या कार्यात अडथळा येतो. त्यामुळे धार काढणारा माणूस वेळेवर तर हवाच, पण तो शांत आणि ओळखीचाही हवा. रविवार असो वा सण, या कामाला सुटी नाही.

नांदेड शहरातही या शिस्तीचे एक वेगळे रूप पाहावयास मिळते. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंह जेथे निवर्तले, त्या सचखंड श्री हजूर साहिब येथे रोज पहाटेपूर्वी गोदावरीतून गागरीने पाणी आणण्याची परंपरा आहे. गुरूंच्या घोड्याच्या वंशातील म्हणून मानल्या जाणाऱ्या घोड्यांचीही तेथे निगा राखली जाते. नदी आणि तबेला यांच्याशी बांधलेला हा दिनक्रम माणसाच्या लहरीवर सोपविलेला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

मात्र गावाकडच्या या पहाटेचे केवळ गुणगान करणे योग्य होणार नाही. घरात सर्वांत आधी उठणारी आणि सर्वांत शेवटी झोपणारी व्यक्ती बहुधा स्त्रीच असे. जाते, पाणी, सडा-सारवण आणि गोठा हे सर्व आटोपेपर्यंत उजाडत असे. तिची लवकर येणारी जाग ही आरोग्याची खूण असेलच असे नाही. कित्येकदा तो अपुऱ्या झोपेचा भार होता. म्हणून गोठ्यापासून शिकावयाचे ते त्यातील यंत्रणेचे तत्त्व. त्यातील कष्टांची विषम वाटणी अनुकरणीय नाही.

२. देहातील घड्याळ

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी म्हण आहे. या म्हणीची दुसरी बाजू जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिली. सतत मंद प्रकाशात ठेवलेले, म्हणजेच उजाडल्याची कोणतीही खबर न मिळणारे कोंबडेही पहाटेच्याच सुमारास आरवतात असे त्यांना आढळले. कोंबडा तांबडे पाहून आरवतो असे नाही. तांबडे केव्हा फुटणार हे त्याच्या शरीरातील घड्याळाला आधीच ठाऊक असते.

माणसाच्या शरीरातही असेच घड्याळ आहे. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना छेदतात त्याच्या लगत वरच्या बाजूस, पेशींचा एक लहानसा जोडपुंज असतो. तो शरीराच्या दैनंदिन लयींचे नियमन करतो, हे १९७२ मध्ये स्पष्ट झाले. पेशीच्या पातळीवर हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा फळमाशीवरील संशोधनातून झाला आणि त्यासाठी जेफ्री हॉल, मायकेल रोसबाश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात या शाखेचा पाया घालण्याचे श्रेय मदुराई येथील प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांच्याकडे जाते.

या घड्याळाचे एक वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ते अगदी चोवीस तासांचे नसते. हार्वर्ड येथील चार्ल्स झाइस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये केलेल्या मापनानुसार माणसाच्या घड्याळाचा सरासरी फेरा सुमारे २४ तास ११ मिनिटांचा असतो. म्हणजे त्याला रोज कोणी मागे खेचून सूर्याशी जुळविले नाही, तर सरासरी माणसाची झोप आणि जाग दररोज थोडी थोडी पुढे सरकत जाते. हे जुळविण्याचे काम करणाऱ्या बाह्य संकेतांना जर्मन शास्त्रज्ञ युर्गेन आशॉफ यांनी 'झाइटगेबर', म्हणजे 'वेळ देणारा', असे नाव दिले. या संकेतांत प्रकाश सर्वांत प्रबळ आहे.

प्रकाशाची ही नोंद घेण्यासाठी डोळ्यात वेगळी व्यवस्था आहे. दृष्टिपटलातील काही मोजक्या चेतापेशींमध्ये मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि त्या पेशी स्वतः प्रकाशसंवेदी असतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. वस्तू दाखविणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. बाहेर किती उजेड आहे याची वर्दी त्या मेंदूतील घड्याळाला देतात.

येथे प्रकाशाची वेळ निर्णायक ठरते. नेहमीच्या जागे होण्यापूर्वी साधारण दोन तास शरीराचे तापमान नीचांकास पोचते. त्यानंतरच्या काही तासांत, म्हणजे सकाळी, मिळालेला प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो. दुसऱ्या दिवशी झोप व जाग दोन्ही लवकर येतात. त्याआधी, म्हणजे संध्याकाळी उशिरा व रात्री, मिळालेला प्रकाश घड्याळ पुढे ढकलतो. घरातील साधा दिवाही रात्री मेलॅटोनिन या संप्रेरकाचा स्राव लांबवू शकतो. प्रकाश 'उद्याची' जाग घडवितो असे वर म्हटले आहे, ते या अर्थाने. प्रकाशाने तत्काळ थोडी तरतरीही येते, परंतु त्याचे मोठे काम दुसऱ्या दिवसासाठी असते.

प्रमाणाचा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत साधारणपणे शंभर ते पाचशे लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशीही उघड्यावर तो दहा हजार लक्सच्या घरात जाऊ शकतो आणि भर उन्हात एक लाख लक्सपर्यंत पोचतो. डोळ्यांना खोली 'उजळ' वाटते. देहातील घड्याळाच्या दृष्टीने मात्र ती सांजवेळच असते. अमेरिकेतील केनेथ राइट यांच्या चमूने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही व्यक्तींना आठवडाभर विजेच्या दिव्यांविना रानात तंबूत ठेवले, तेव्हा त्यांचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आले. मराठवाड्यातील माळवदावर किंवा अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या माणसाला हा प्रयोग अपरिचित वाटणार नाही.

३. नांदेडचा सूर्य आणि भिंतीवरचे घड्याळ

सूर्य आणि भिंतीवरचे घड्याळ यांच्यातही अंतर असते. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून मोजली जाते. नांदेड सुमारे ७७.३ आणि लातूर सुमारे ७६.६ अंशांवर आहे. प्रत्येक अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सूर्यमानाने नांदेड प्रमाणवेळेपेक्षा सरासरी एकवीस मिनिटांनी आणि लातूर सुमारे चोवीस मिनिटांनी मागे पडते. घड्याळात सात वाजतात तेव्हा नांदेडच्या सूर्यमानाने सरासरी सहा वाजून एकोणचाळीस मिनिटेच झालेली असतात.

त्यात ऋतुमानाची भर पडते. नांदेडला जूनमध्ये सूर्योदय पावणेसहाच्या सुमारास होतो, तर जानेवारीच्या मध्यास तो जवळजवळ सातला, साधारण सहा पंचावन्नच्या आसपास होतो. म्हणजे सातच्या तासासाठी साडेसहाला खोली सोडणारा विद्यार्थी जूनमध्ये उन्हात चालतो आणि जानेवारीत संधिप्रकाशात. वेळापत्रक एकच असले तरी देहाच्या दृष्टीने ती दोन वेगळी वेळापत्रके आहेत. भारतात सूर्यास्त जेथे उशिरा होतो तेथे मुले उशिरा झोपतात, परंतु शाळेची वेळ तीच असल्याने त्यांची झोप कमी होते, असे अर्थशास्त्रज्ञ मौलिक जगनानी यांच्या अभ्यासातून पुढे आले आहे. सूर्यास्त एक तास उशिरा होत असल्यास झोपेतील ही घट सुमारे अर्ध्या तासाची भरते.

४. जनावराचे घड्याळ आणि माणसाची जाग

येथे एक शंका उपस्थित होते. गावातील माणूस तर उजाडण्यापूर्वीच उठत असे. मग प्रकाशाचा संबंध काय? याचे उत्तर असे की, आदल्या दिवसांच्या सकाळच्या उन्हाने आणि लवकर मंदावणाऱ्या सायंकाळने त्याचे घड्याळ अलीकडे आणून ठेवलेले असे. पहाटे चार-पाचला त्याची झोप हलकी होत असे. पण हलकी झालेली झोप म्हणजे जाग नव्हे. कूस बदलून पुन्हा डोळा लागू शकतो. तो लागू न देण्याचे काम गोठा करीत असे.

जनावरालाही घड्याळ असते आणि अन्नाची वेळ त्याला विशेष कळते. ठरावीक वेळी अन्न मिळणारे उंदीर त्या वेळेच्या आधीच धावपळ करू लागतात, हे कर्ट रिक्टर यांनी १९२२ मध्येच नोंदविले होते. दावणीची गाय, दाराशी बसलेले कुत्रे, पायाशी घुटमळणारे मांजर यांच्या वागण्यात हेच दिसते. गजराचे बटण दाबून तो दहा मिनिटे पुढे ढकलता येतो. हंबरणाऱ्या गाईला असे बटण नाही. शिवाय गजर कोणाची वाट पाहत नसतो. जनावर पाहते. उठण्याचे कारण स्वतःच्या बाहेर, दुसऱ्या जिवाच्या गरजेत असल्यामुळे 'उठावे की नाही' हा प्रश्नच पहाटेपुरता मिटतो. झोपेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मेंदूची निर्णयशक्ती सर्वांत क्षीण असते. ही झापड साधारण पंधरा मिनिटांपासून काही वेळा तासाभरापर्यंत टिकते. नेमक्या त्या अवधीत निर्णय घ्यावा न लागणे, ही जनावराची सर्वांत मोठी मदत होय.

दुसरी गोष्ट अशी की, जनावराचे काम अंथरुणात बसून होत नाही. गोठ्यापर्यंत जावे लागते, कुत्र्याला बाहेर न्यावे लागते. त्यामुळे हालचाल होते आणि कामे आटोपेपर्यंत उजाडल्याने सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडतो. आजची जाग जनावराने आणली, त्या जागेने माणूस उजेडात नेला आणि त्या उजेडाने उद्याची जाग सोपी केली, असे हे चक्र आहे.

नित्यक्रमाचे हे महत्त्व मानसशास्त्रानेही ओळखले आहे. माणसांचा सहवास, जेवणाची वेळ, कामाची वेळ यांसारखे सामाजिक संकेत विस्कटले की देहाच्या लयी विस्कटतात आणि त्यातून काहींना नैराश्य येऊ शकते, अशी मांडणी एहलर्स, फ्रँक आणि कुफर यांनी १९८८ मध्ये केली. घर सोडून प्रथमच एकटे राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या संदर्भात ही मांडणी गंभीरपणे विचारात घ्यावी लागेल.

५. खोलीत राहणारा विद्यार्थी

वरील विवेचनाच्या आधारे शहरातील विद्यार्थ्याचा दिवस तपासला तर त्याची अडचण स्पष्ट होते. सकाळच्या ज्या तासांतील प्रकाश घड्याळ अलीकडे आणतो, ते तास तो प्रथम वर्गात आणि नंतर शिकवणीच्या बंदिस्त सभागृहात घालवितो. ज्या वेळी प्रकाश घड्याळ पुढे ढकलतो, त्या वेळी तो ट्यूबलाइटखाली मध्यरात्रीपर्यंत अभ्यास करतो आणि त्यानंतर मोबाइल पाहतो. त्याच्या खोलीला कित्येकदा पूर्वेची खिडकी नसते. त्याला उठविणारा फक्त गजर असतो आणि त्याच्या उठण्यावाचून कोणाचेही अडत नाही.

त्यातच वयाची भर आहे. किशोरवयात देहाचे घड्याळ नैसर्गिकरीत्या उशिराकडे झुकते आणि हा कल साधारण विसाव्या वर्षाच्या आसपास कमाल पातळी गाठतो, असे टिल रोनेबर्ग व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले. म्हणजे प्राध्यापकांसमोर सातच्या तासाला बसलेला विद्यार्थी त्याच्या आयुष्यातील सर्वांत उशिराच्या घड्याळासह बसलेला असतो. पन्नाशीच्या प्राध्यापकाला पहाटे सहज जाग येते, यात सद्गुणापेक्षा वयाचा वाटा अधिक असू शकतो.

६. उपयोजन

विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी सुचविता येतील. उठण्याची वेळ आठवड्याचे सातही दिवस एकच असावी. रविवारचा फरक तासाभरापेक्षा अधिक नसावा. उठल्यानंतर शक्य तितक्या लवकर, मात्र उजाडल्यावर, वीस ते तीस मिनिटे गच्चीवर, ओट्यावर किंवा रस्त्यावर उघड्या आकाशाखाली काढावीत. त्यासाठी सूर्याकडे टक लावून पाहण्याची गरज नाही, तसे पाहणे अपायकारकच आहे. बिछाना खिडकीजवळ असावा व पडदा उघडा असावा. खिडकी नसल्यास उठण्याच्या अर्धा तास आधी आपोआप लागणारा दिवा काही प्रमाणात उपयोगी पडतो. झोपण्यापूर्वीच्या दोन तासांत दिवे मंद ठेवावेत. वेळ अलीकडे आणावयाची असल्यास दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी आणावी. एका रात्रीत दोन तासांची उडी टिकत नाही.

जनावराबाबत अधिक सावधगिरी हवी. केवळ जाग यावी म्हणून कुत्रे पाळणे हा त्या प्राण्यावर अन्याय होय. त्याची दहा-बारा वर्षांची जबाबदारी, रेबीजची लस, सुटीतील व्यवस्था यांचा विचार आधी करावा लागतो आणि खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याला ते बहुधा शक्य नसते. ज्या घरात प्राणी आहे, तेथे त्याचे सकाळचे काम ज्याला उठण्यास त्रास होतो त्याच्याकडे सोपवावे. खाणे मात्र प्राण्याच्या ओरडण्यावर न देता घड्याळावर द्यावे, अन्यथा तो रोज अधिकाधिक लवकर उठवू लागतो. वसतिगृहात याला पर्याय शोधता येतात. कृषी व पशुवैद्यक महाविद्यालयांना गोठा जवळ असतो. इतरत्र रोपवाटिकेला पाणी, मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी भरणे, किंवा सकाळी फिरण्यासाठी एकमेकांची वाट पाहणारी जोडी अशी कामे आळीपाळीने देता येतील. रोपटे हंबरत नाही हे खरे; म्हणून त्या कामाला दुसऱ्या माणसाची वाट पाहणारी नजर जोडावी लागते.

संस्थेचीही जबाबदारी आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी न भरविण्याचा निर्णय घेतला, त्यामागे झोपेचाच विचार होता. कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून माध्यमिक शाळा उशिरा सुरू करण्याचा कायदा अमलात आला. महाविद्यालयांना निदान डिसेंबर-जानेवारीत पहिला तास अर्ध्या तासाने पुढे नेता येईल. ते अशक्य असल्यास पहिल्या दोन तासांनंतरची मधली सुटी वर्गाबाहेर, उन्हात घालविण्यास उत्तेजन देता येईल.

७. मर्यादा

प्रकाश आणि नित्यक्रम हे झोपेला पर्याय नव्हेत. तेरा ते अठरा वयोगटाला आठ ते दहा तास आणि प्रौढांना किमान सात तास झोप आवश्यक मानली जाते. रात्री दोनला झोपणाऱ्याने पाचला उठण्याची युक्ती शोधणे हा स्वतःशीच केलेला दगाफटका होय. काही व्यक्तींचे घड्याळ आनुवंशिकतेनेच उशिराचे असते. पुरेशी झोप घेऊनही दिवसा सतत गुंगी येणे, घोरताना श्वास अडखळणे, आठवडे न आठवडे उठावेसेच न वाटणे ही आजाराची लक्षणे असू शकतात. अशा विद्यार्थ्याला उपदेशाऐवजी डॉक्टरांकडे पाठवावे.

निष्कर्ष

पहाटे उठणे हा मराठी समाजात फार काळ चारित्र्याचा निकष मानला गेला. प्रत्यक्षात त्या पहाटेला अनेकांचा आधार होता. सकाळचे ऊन, लवकर मावळणारा दिवस, दावणीची गाय, वाट पाहणारे घर हे सर्व मिळून माणसाला उठवीत होते. शहरात आलेल्या मुलाकडून हे सारे काढून घेऊन केवळ त्याच्या इच्छाशक्तीवर जाग येण्याची अपेक्षा ठेवणे शास्त्राला धरून नाही. सकाळचा उजेड त्याच्या वाट्याला येईल अशी दिनचर्या, आणि त्याच्या उठण्याची कोणीतरी वाट पाहत आहे अशी व्यवस्था, या दोन गोष्टी कुटुंब व महाविद्यालय मिळून देऊ शकतात. सातच्या तासाला रिकामा दिसणारा बाक हा त्या मुलाच्या आळसाचा पुरावा मानण्यापूर्वी, त्याच्या खोलीला खिडकी आहे काय, एवढे तरी विचारले जावे.